जमीन तर कुठं जात नाही

माझा थोरला भाऊ ईश्वरदास याला खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही, घरच्यांना त्याचा तापच होता. दारी पाहुणा आला आणि आईनं तोंडदेखलं ‘जेवूनच जा’ म्हटलं, की हा आतून ओरडायचा, “माय, पीठ तं सरलं न!” साडी विकायला गेला तर व्यापाऱ्यानं बघायच्या आधी स्वतःच पदर उलटा करायचा आणि सांगायचा, इथं धागा तुटला होता, सांधला आहे. असल्या माणसाला विणकरांच्या आमच्या सगळ्या कोष्टीपुऱ्यानं एक दिवस चोर ठरवलं, आणि तेही एका म्हणीच्या जोरावर. आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. मागावर जाण्याआधी तो उघड्यावर लांबच लांब ताणून, खळ लावून, मोठ्या कुंच्यानं विंचरावा लागतो. ही पाजणी. नागपुरात आम्ही ती गल्लीतच करायचो, सकाळी सकाळी, कारण ऊन लागलं की धागा कडक होऊन तुटतो. गल्लीच्या या टोकाला खुंट्या, त्या टोकाला खुंट्या, मध्ये आमचा ताणा आणि त्यावर साऱ्या जगाचा डोळा. बकरी खालून जाणार, सायकलवाला घंटी वाजवत मधूनच वाट मागणार, कोणाच्या तरी म्हातारीला नेमकं तेव्हाच पलीकडं जायचं असणार. कोष्ट्याच्या जन्मातली निम्मी भांडणं ताण्यावरून होतात. कुठल्याही कोष्ट्याला स्वर्ग कसा असतो ते विचारा. तो सांगेल, लांब असतो, सपाट असतो आणि तिथं बकऱ्या नसतात.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं. राजधानी गेली म्हणून शहर हळहळलं. आमच्या गल्लीला तिचा उपयोग कधीच नव्हता, त्यामुळं आम्हाला काही वाटलं नाही. पण नव्या राज्यात कोकणही होतं, आणि मुंबईच्या कोणा साहेबाच्या मनात आलं की रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर एक विणकर केंद्र काढावं आणि शिकवायला नागपूरचा कारागीर न्यावा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या लोकांचा यात काही दोष नव्हता.

आमच्या विणकर सोसायटीचे अध्यक्ष होते बाबनराव. वयानं वडीलधारे, कीर्तनाचे शौकीन, व्यवहाराला चोख. एकदा मत बनलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचे नाहीत. त्यांनीच दादाचं नाव पुढं केलं. सोसायटीच्या जबाबदारीवर बारीक सूत आणि काठाचं रेशीम उचललं. दादानं ताणा इथंच तयार केला, फक्त पाजणी बाकी ठेवली, कारण ती तिथल्या पोरांना दाखवून शिकवायची होती. अठ्ठावन्नच्या माघात दादा आणि चंद्रकला वहिनी ते गाठोडं घेऊन निघाले. सगळी गल्ली स्टेशनवर गेली होती. आमच्यातल्या एकानंही तोवर समुद्र पाहिला नव्हता. आमचं मोठं पाणी म्हणजे सक्करदऱ्याचा तलाव.

महिना भरायच्या आत दोघं परत आली. हाती गाठोडं नव्हतं. दादाच्या पायाला जखमा होत्या आणि तोंडावर अशी कळा होती, की वाटावं घरात कोणी गेलं. मी विचारलं, “दादा, ताना कोठी आहे?”

“पानी चालत आलं,” तो म्हणाला.

मला काही कळलं नाही. मी वहिनीकडं पाहिलं. वहिनी जिभेची तिखट, कोणाला न ऐकणारी. तीसुद्धा नुसती मान हलवत उभी होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात सोसायटी बसली. केंद्राच्या साहेबानं वर कळवलं होतं की माल गहाळ झाला, आणि ते बाबनरावांच्या कानापर्यंत आधीच पोचलं होतं. त्यांनी दादाला समोर बसवलं आणि म्हणाले, “बोल गा, ईश्वरदास. काय झालं ते सांग.”

दादानं सांगितलं. त्यातलं सगळंच्या सगळं मी ऐकलं आहे, एक अक्षर वाढवत नाही.

केंद्र माडांच्या बागेमागं, आत होतं. तिथून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. पोचल्यावर चार-दोन दिवसांनी दादा पहाटे बागेतून बाहेर पडला आणि जागीच थबकला. समोर जमीन. सपाट, दमट, दाबून बसलेली रेती, आमच्या गल्लीसारख्या कितीतरी गल्ल्या शेजारी शेजारी मावतील एवढी. बकरी नाही, सायकल नाही. हवेत ओल, म्हणजे धागा तुटायची भीती नाही. समुद्र तिकडं लांब, एक पांढरी रेघ. पुढच्या दोन सकाळीही त्यानं जाऊन पाहिलं. जमीन तशीच, उलट जास्तच रुंद.

“मले रडू आलं, बाबनरावजी,” दादा म्हणाला. “म्हनलं, एवढी जागा आन इथं कोनी कोष्टी नाई.”

पौर्णिमेला सगळं गाव शेजारच्या गावच्या जत्रेला गेलं. शिकाऊ पोरं दुपारी परतणार होती. तोवर ताणा ताणून ठेवू, थोडी पाजणी करू, उरलेली पोरांसमोर करू, असा दादाचा बेत. उजाडता उजाडता त्यानं रेतीत खुंट्या ठोकल्या. इकडच्या टोकाला तो, तिकडच्या टोकाला वहिनी. केंद्राचं सगळं सूत, सगळं रेशीम त्या एका ताण्यात. कुंचा चालायला लागला. दादा म्हणाला, इतका सरळ ताणा त्यानं जन्मात लावला नव्हता.

“मी समुद्राकडं पाहूनच काम करून राहिलो होतो. थो दूरच होता. पानी समोरून आलंच नाई.”

“मंग कोठून आलं?”

“मागून.”

देवळात कोणीतरी हसलं.

वहिनी उठली. बायका देवळात मागं बसायच्या, बैठकीत बोलायच्या नाहीत. ती तिथूनच बोलली. “खरं आहे ते. जमिनीच्या बाजूनं एक सखल पट्टा होता, नालीवानी. आमाले वाटलं पावसाची असंन. खाडीकडून त्या नालीत पानी शिरलं. माहे पाय ओले झाले तवा मी खाली पाह्यलं, तं आमच्या आन झाडांच्या मधात पानीच पानी! समुद्र समोर, आन पानी मागं! मी बोंबलली.”

पुढचं पुन्हा दादानं सांगितलं. दोघांनी खुंट्या उपटायला धाव घेतली. एका टोकाची खुंटी निघाली, दुसऱ्याची निघेना. तेवढ्यात पुढूनही पाणी आलं. पहिली लाट ताण्याखालून गेली, दुसरी वरून. खळ लावलेलं सूत पाण्यात पडल्यावर काय होतं ते कोष्ट्याला सांगायला नको. लाटेनं ते दोरखंडासारखं पिळलं, ओढलं, तोडलं. दादा कंबरभर पाण्यात ताण्याला धरून उभा होता आणि वहिनी त्याला धरून. शेवटी तिनंच त्याला ओढत काठाला आणलं. दुपारी पोरं आली तेव्हा माडांच्या बुंध्यापर्यंत पाणी होतं आणि त्या जमिनीचा मागमूस नव्हता. हाती लागला तो रेतीनं भरलेला गुंता. साहेबानं चिडून तो फेकून दिला.

दादा बोलायचा थांबला. मला सांगा, असं कोणी रचून सांगतं का? चोरी करणारा माणूस म्हणतो, रेल्वेत गाठोडं पळवलं. लोक हळहळतात, सुटतो बिचारा. पण खरं बोलायची खोड ना!

बाबनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “ईश्वरदास गा, समुद्र मर्यादा सोडत नाई हे लहान लेकराले मालूम आहे. रामचंद्रानं काठावर बसून तीन दिवस हात जोडले. तरी समुद्र मागं सरला नाई, शेवटी पूल बांधा लागला. आन तुयासाठी सरला? तुले ताना लावाले जागा खाली करून देली? आन मंग येऊन ताना घेऊन गेला?”

सगळं देऊळ हसलं. मारुतीसमोर बसून त्याच्याच पुलाचा दाखला, आता काय बोलणार? मागून एक जण म्हणाला, “आपला सक्करदऱ्याचा तलाव कधी उठून फिराले गेला का?” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. चौघांनी मला धरलं.

दादानं मात्र आवाज चढवला नाही. तो उठला आणि मारुतीच्या पायावर हात ठेवला.

“पानी हालते, तुमी मानत नाई, ठीक आहे. पन जमीन तं कोठी जात नाई न? ते जमीन तिथंच असंन. चाला माह्या संगं. दाखवतो. ते जमीन नाई दाखवली तं मी माग उपडून टाकीन, जिंदगीत धोट्याले हात लावनार नाई.”

कोष्ट्यानं आडवा धागा नेणारा धोटा सोडायची शपथ घ्यायची, म्हणजे मासोळीनं पाण्याबाहेर राहायची. मी त्याला आवरायला पुढं झालो. पण मनात म्हटलं, घाबरायचं कशाला? जमीन कुठं जाणार!

बाबनराव माणूस न्यायाचा, हे कबूल करायला पाहिजे. ते म्हणाले, “येतो.”

लगेच जाणं झालं नाही. लग्नसराई आली, मग पावसाळा. पोळा झाल्यावर आम्ही निघालो. बाबनराव, दादा आणि मी. मुंबईपर्यंत आगगाडी, पुढं एस.टी., शेवटी पायी. वाटेत दादा नव्या नवरदेवासारखा खुशीत होता. कुठं खुंट्या ठोकल्या, कुठं वहिनी उभी होती, सगळं पुन्हा पुन्हा सांगत होता. बाबनरावसुद्धा विरघळल्यासारखे झाले होते. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “जमीन दिसली तं मी देवळात सर्वाइसमोर त्याचे पाय धरीन.” मी ते लक्षात ठेवलं.

माडांच्या बागेत शिरलो तसा दादा पुढं पळायला लागला. “थो वाकडा माड दिसला का? त्याच्या समोरच!” असं ओरडत तो झाडांच्या बाहेर गेला. आम्ही मागून पोचलो तेव्हा तो उभा होता आणि त्याचा हात अजून समोर दाखवण्यासाठी वर केलेला होता.

समोर दगड होते. काळे, अणकुचीदार, शेवाळलेले दगड, एकावर एक. त्यांच्यावर पाणी आपटत होतं, फेस उडत होता. रेती नावालाही नव्हती. एवढंच नव्हे, आम्ही उभे होतो ती कड पुरुषभर खाली तुटली होती आणि त्या तुटलेल्या मातीतून माडांची मुळं लोंबत होती. वाकडा माड होता. उजव्या हाताच्या टेकाडावर त्यानं सांगितलेलं देऊळ होतं. डाव्या बाजूला खाडी होती. सगळं सांगितल्यासारखं जागच्या जागी होतं आणि मधली जमीन नव्हती.

मी आजवर पुष्कळ वाईट पाहिलं. पण त्या क्षणासारखा धक्का मला कधी बसला नाही. पायाखालची जमीन गेली असं लोक बोलतात. आमची डोळ्यांसमोरची गेली होती.

दादा कडेवरून उडी मारून खाली उतरला. दगडांमध्ये हात घालून चाचपायला लागला, जसं काही जमीन फटीत पडली असेल. लाट आली, तो भिजला, तरी चाचपत राहिला. मी जाऊन त्याला वर आणला.

तिथं एक म्हातारा मच्छीमार जाळं शिवत बसला होता. मी त्याच्यावरच ओरडलो, “इथली रेती कोठी गेली?”

तो शांतपणे म्हणाला, “दर्यानं नेली. पावसात मोठ्या लाटा येतात, त्या वाळू उपसून आत नेतात. तिथंच पुढं पाण्याखाली पडून असते. दिवाळीनंतर दर्या निवला की बारक्या लाटा हळूहळू आणून टाकतात. होळीपर्यंत भरतं सगळं. दरवर्षीचंच आहे.”

“आयकलं का?” मी बाबनरावांना म्हणालो.

बाबनरावांचा चेहरा दगडासारखा झाला होता. तोवर पाणी आमच्यादेखत दगडांवरून मागं ओसरायला लागलं होतं. “आयकलं. म्हंजे समुद्र आधी सूत घेऊन जाते, मंग जमीन घेऊन जाते, आन दिवाळीले परत देते. सावकार झाला का बाप्पा थो? आन साक्षीदार कोन, तं ज्या गावात सूत गेलं त्याच गावचा मानूस.” मग ते दादाकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “पानी मागंपुढं होते हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, ईश्वरदास. तेवढं मानतो. पन या गोट्यावर ताना लावनारा कोष्टी अजून जन्माले यायचा आहे.”

परतीच्या एस.टी.त दादा एकदाच माझ्याकडं वळून बोलला.

“श्रावण गा, मी ते जमीन खरंच पाह्यली होती का?”

मी म्हटलं, “असं काहून बोलून राहिला तू? वहिनीनं पन पाह्यली न!”

“ते माही बायको आहे,” तो म्हणाला. “मी म्हनलं म्हून तिले दिसली असंन.”

घरी आल्यावर त्यानं माग उपटला. आमचे माग खड्ड्याचे. घरातच जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. दादानं लाकडं बांधून माळ्यावर टाकली, बाहेरून माती आणली आणि आमच्या बापानं खणलेला तो खड्डा बुजवला. मी हात धरला तर म्हणाला, “शपथ मारुतीची आहे.” मग त्यानं वहिनीला सांगितलं, सारवून घे.

“खड्डा तुमी बुजवला, तुमची शपथ होती,” वहिनी म्हणाली. “मी शपथ घेतली नाई. मी सारवनार नाई.”

आणि नाहीच सारवलं. सगळं घर लख्ख सारवलेलं असायचं आणि मधोमध त्या उकरलेल्या मातीचा चौकोन तसाच. येणाऱ्याजाणाऱ्याची ठेच लागायची. वहिनी दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून घर चालवायची, आणि त्या चौकोनाला वळसा घालून चालायची.

दादा बोलेनासा झाला. रोज सकाळी उठून सक्करदऱ्याच्या तलावावर जायचा. पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवायचा आणि बसायचा. पाणी गोट्याच्या पुढं येतं का, मागं जातं का, पाहत राहायचा. जाणारे-येणारे हसायचे. मी त्याला धंतोलीत एका डॉक्टराकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि म्हणाले, याला काही झालेलं नाही. दादा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जमीन नसून दिसली तं थो कोनता आजार?” डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

ज्याला जन्मात खोटं बोलता आलं नाही, त्याला आपले डोळेच खोटं बोलले असं वाटायला लागलं होतं. लोकांनी चोर म्हटलेलं तो सोसत होता. हे त्याला सोसवत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर बंद पडलेलं ते केंद्र पुन्हा उघडायचं ठरलं. सोसायटीची गेलेली अब्रू परत मिळवायची म्हणून बाबनरावांनी या वेळी स्वतःच्या मुलाला पाठवलं. कवडू त्याचं नाव. हात चांगला होता पोराचा, स्वभावानंही सरळ. दादासारखाच कोरा ताणा गाठोड्यात बांधून तो निघाला. निघायच्या दिवशी वहिनी त्याच्या दारात गेली. मी सोबत होतो.

“कवडू बापू, समुद्राच्या काठी ताना लावू नोको.”

कवडू हसला, पण नीट बोलला. “वहिनी, तिथं गोटेच गोटे आहेत. बाबांनी पाह्यले न. गोट्यावर मी ताना कायले लावतो?”

बाबनराव आतून म्हणाले, “आन गाववाल्याइपासून जपून राह्य. पहिलं सूत त्याइनंच पचवलं असंन.”

झालं. माघ सरत आला होता. दुपारची वेळ. मी दादाच्या घरी बसलो होतो. दारात कोणी येऊन उभं राहिलं. कवडू होता. पायांना जखमा. अंगावर प्रवासाचे मळके कपडे. हातात एक गोणपाट. तो आधी स्वतःच्या घरी गेलाच नव्हता, स्टेशनवरून थेट इथं आला होता. त्याच्या मागून बाबनरावही धापा टाकत आले, कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, तुमचं पोरगं तिकडं गेलं म्हणून.

“काय झालं गा?” बाबनरावांनी विचारलं.

कवडूनं बापाकडं पाहिलं नाही. दादाकडं पाहत म्हणाला, “दादा, पानी मागून आलं.”

वहिनीच्या हातातली कांडी खाली पडली.

कवडूनं गोणपाट उलटा केला. रेतीनं भरलेला, शेवाळ अडकलेला सुताचा आणि रेशमाचा गुंता जमिनीवर पडला. घरभर खारट वास सुटला. बाबनरावांनी वाकून तो हातात घेतला. कोष्टीच ते, बोटांनीच ओळखलं. खळ अर्धवट धुतलेली, धागा पिळलेला. ते तसेच खाली बसले.

कवडू सांगत होता. पोचला तर गोटे नव्हतेच. सपाट, रुंद, दमट जमीन होती. त्याला वाटलं, ही ती जागाच नव्हे, बाबांनी पाहिली ती दुसरी. गावकरी त्याला काही सांगायला आले होते, पण बापानं बजावलेलं, म्हणून त्यानं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. ताणा त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यानं मुद्दाम पौर्णिमा निवडली. सगळं गाव जत्रेला गेलं होतं.

म्हणजे दादाचं खरं मानलं असतं तर पोराचा ताणा वाचला असता. खरं मानलं नाही म्हणूनच कवडू तंतोतंत दादाच्या पावलावर पाऊल टाकून गेला. हे माझ्या डोक्यात शिरलं तसा मी ताडकन उभा राहिलो. बाबनरावांना बोलायला माझ्याकडं वर्षभराचं साठलेलं होतं. पण दादानं हात वर करून मला थांबवलं. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं. तो कवडूच्या अगदी जवळ गेला.

“रेती होती?”

“होती, दादा.”

“वाकड्या माडासमोर?”

“त्याच्याच समोर. आपली गल्ली किती बी डाव मावंन एवढी.”

“म्हंजे परत आली,” दादा म्हणाला. “ते जमीन परत आली.”

आणि तो रडायला लागला. इतके महिने बोलेनासा झालेला माणूस, हंबरडा फोडून रडला. मला काय करावं कळेना. चोर नाही हे सिद्ध झालं, याचं त्याला काहीच नव्हतं. आपण वेडे नाही एवढंच त्याला कळलं होतं.

बाबनराव उठले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. मोठी माणसं अशीच सुटतात.

चैत्रात हनुमान जयंती आली. सूर्योदयाचं कीर्तन ऐकायला सगळी गल्ली देवळात जमली. वहिनी मात्र आली नाही. म्हणाली, “मले काम आहे.” उमरेडकडचे बुवा होते, आवाज खणखणीत. रंगात येऊन त्यांनी म्हटलं, “सागर जशी आपली मर्यादा कधी सोडत नाही...”

“सोडते, महाराज.”

पुढच्या रांगेत बाबनराव उभे राहिले होते. बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. पेटीवाल्याचा हात सुरावरच राहिला. कीर्तनात बुवांना कोणी मध्येच तोडलेलं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

“सोडते,” बाबनराव पुन्हा म्हणाले. “मी आयकलेलं खरं मानलं आन पाह्यलेल्याले खोटं म्हनलं. याच जागी म्हनलं. ईश्वरदास चोर नाई.” मग ते गर्दीतून वाट काढत मागं आले, जिथं दादा माझ्याजवळ खांबाला टेकून बसला होता, आणि सगळ्यांसमोर त्याच्या पायाला हात लावायला वाकले.

दादानं त्यांना वरच्यावर धरलं. एवढ्या लोकांत बोलायची त्याची सवय मोडली होती. घाबरत घाबरत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “नाई, बाबनरावजी. सोडत नाई थो मर्यादा. ते जमीन त्याचीच आहे. थो थोडा वेळ उठून गेला होता, आन आपन त्याच्या घरात ताना लावला.”

बुवांनी पुन्हा चिपळ्या उचलल्या, पण कीर्तनात कोणाचं लक्ष राहिलं नव्हतं. प्रसाद घेऊन आम्ही घराकडं निघालो. बाबनराव सोबत आले. दारातूनच फावड्याचा आवाज ऐकू आला. वहिनी कासोटा खोचून त्या चौकोनात उभी होती, घामानं भिजलेली. गुडघाभर खड्डा झाला होता.

“दे बाई, मी खनतो,” बाबनराव म्हणाले आणि फावड्यासाठी हात पुढं केला.

वहिनीनं फावडं दिलं नाही. कपाळावरचा घाम पुसला आणि बाजूच्या टोपल्याकडं बोट दाखवलं.

“खनते मी. तुमी माती बाहेर टाका.”

बाबनरावांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि टोपलं उचललं.